नव्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीतील धक्के आणि आवाज : कारणे, तपासणी व उपाय

दक्षिण गुजरातेतील पलसाणा हे सुरत जिल्ह्यातील तालुक्याचे गाव दोन मोठ्या महामार्गांच्या संगमावर वसले आहे. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ येथून जातो आणि हजिऱ्याहून निघून बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूरमार्गे धुळ्याकडे जाणारा क्रमांक ५३ त्याला येथेच छेदतो. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांमुळे या पट्ट्यात अवजड वाहनांची वर्दळ रात्रंदिवस चालू असते. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेले आमच्या नात्यातील एक कुटुंब गेल्या चवथीला प्रथमच स्वतःच्या गाडीने गोव्यात आले. गाडी जेमतेम महिनाभरापूर्वी घेतलेली, सात वर्षांच्या कर्जावर, आणि घेण्यामागील मुख्य हेतू एवढाच की कंबरदुखीने त्रस्त असलेल्या मावशींना आरामात फिरवता यावे. सुमारे आठशे किलोमीटरचा प्रवास करून अंगणात उतरलेल्या मावशींनी पहिले वाक्य उच्चारले ते असे : ‘परत जाताना मला रेल्वेचे तिकीट काढून द्या.’

हा अनुभव एका कुटुंबापुरता मर्यादित नाही. नवी गाडी म्हणजे मऊ व शांत गाडी, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात चार मीटरांच्या आतील उंच गाड्यांत धक्के व आवाज यांविषयीची तक्रार वारंवार ऐकू येते. यातील काही त्रास दोषामुळे होतो, काही निष्काळजीपणामुळे आणि काही या गाड्यांच्या जडणघडणीतच असतो. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले तर वेळ, पैसा आणि मनस्ताप वाचतो. त्या दृष्टीने ही माहिती एकत्र दिली आहे.

चार मीटरांची मर्यादा आणि गाडीची घडण

कॉम्पॅक्ट एसयूव्ही हा प्रकार बऱ्याच अंशी कररचनेतून जन्मास आला. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरांपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोलसाठी १२०० सीसी, तर डिझेलसाठी १५०० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारींना अबकारी करात सवलत मिळाली. पुढे २०१३ मध्ये फोर्ड इकोस्पोर्ट, २०१६ मध्ये मारुती विटारा ब्रेझा आणि २०१७ मध्ये टाटा नेक्सॉन बाजारात आल्यावर हा वर्ग सर्वमान्य झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांतही ही मर्यादा टिकून आहे. तिच्या आत बसणाऱ्या मोटारींवर १८ टक्के, तर मोठ्यांवर ४० टक्के कर आकारला जातो.

लांबीवर बंधन असल्याने पुढील व मागील चाकांमधील अंतर या वर्गात बहुधा अडीच मीटरांच्या आसपास राहते. जमिनीपासूनची उंची मात्र दोनशे मिलिमीटरांच्या जवळपास ठेवली जाते आणि गाडीची एकूण उंचीही साध्या हॅचबॅकपेक्षा अधिक असते. उंच गाडी वळणावर कलंडल्यासारखी झुकते. तो झोल आवरण्यासाठी स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर अधिक कडक ठेवावे लागतात. शिवाय पाच माणसे आणि सामान असा पूर्ण भार वाहण्याची क्षमता त्याच स्प्रिंगमध्ये हवी असते. त्यामुळे एकटा चालक बसलेला असता गाडी अधिक आदळते आणि चारजण बसल्यावर तीच काहीशी शांत होते. मागील आसन मागच्या चाकांच्या आसाजवळ असल्यामुळे तेथील प्रवाशास धक्का पुढच्यापेक्षा जास्त लागतो. गाडी पसंत करणारा पुढे बसतो आणि वृद्ध मंडळी मागे बसतात, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी.

इंजिनाचाही यात वाटा आहे. या वर्गातील अनेक पेट्रोल गाड्यांना तीन सिलिंडरचे इंजिन असते. तीन सिलिंडरच्या रचनेत इंजिन स्वभावतःच पुढेमागे डुलू पाहते. ही थरथर रबराच्या माउंटिंगनी शोषली जाते, तरी सिग्नलवर एसी चालू ठेवून गाडी उभी असता आसनात ती थोडी जाणवतेच.

रस्त्याचा हिशेब

आवाजाचे मूळ वेगानुसार बदलते. कमी वेगात इंजिन ऐकू येते, साधारण ताशी पन्नास-साठ किलोमीटरांनंतर टायरचा आवाज वरचढ होतो आणि शंभराच्या आसपास वाऱ्याचा आवाज त्यात मिसळतो. डांबरी रस्त्यापेक्षा काँक्रीटचा रस्ता सामान्यतः अधिक गोंगाट करतो. पकड राहावी म्हणून काँक्रीटच्या पृष्ठभागावर आडव्या बारीक रेघा ओढलेल्या असतात, त्यांवरून टायर फिरताना घूंघूं असा एकसुरी आवाज उठतो. पत्रादेवी ओलांडून सिंधुदुर्गात शिरताच अनेकांना गाडीचा आवाज ‘एकाएकी’ वाढल्यासारखा वाटतो, तो याच कारणाने.

काँक्रीटच्या फरसबंदीत ठरावीक अंतरावर आडवे सांधे असतात. हे अंतर साधारणपणे साडेचार मीटर ठेवले जाते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, म्हणजे प्रत्येक चाक सेकंदाला जवळपास पाच सांध्यांवरून उडते. बसलेल्या माणसाचे शरीर खालीवर होणाऱ्या ज्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते, ती सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यातील होत. सांधे खचलेले वा उंचसखल असले म्हणजे ८० चा वेग कंबरेला नेमका याच पट्ट्यात हादरे देतो. वेग ६० वर आणल्यास हादरे सेकंदाला चारच्या खाली येतात आणि त्यांचा जोरही कमी होतो. वृद्ध, गरोदर स्त्रिया वा पाठीचे दुखणे असलेले प्रवासी सोबत असता खराब काँक्रीटवर वेग थोडा उतरवणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

पहिली तपासणी : चाकांतील हवा

नव्या गाडीत धक्के जाणवू लागताच सर्वप्रथम टायरमधील हवा पाहावी. कारखान्यातून निघालेल्या गाड्या आठवडेच्या आठवडे गोदामात उभ्या असतात. एकाच जागी भार पडून टायर चपटे होऊ नयेत म्हणून त्यांत नेमून दिलेल्यापेक्षा जास्त हवा भरून ठेवण्याची पद्धत आहे. ग्राहकाला गाडी देण्यापूर्वीच्या तपासणीत ती कमी करणे अपेक्षित असते. घाईगर्दीत हे राहून जाते आणि फुगलेल्या टायरवर नवी गाडी दगडासारखी आदळत राहते.

योग्य दाब किती, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. कमी भारासाठी आणि पूर्ण भारासाठी असे दोन आकडे तेथे असू शकतात. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा हा त्या टायरला सोसणारा कमाल दाब असतो. तो भरण्यासाठी नसतो, हे पंपावरच्या मुलालाही कधीकधी सांगावे लागते. एकके निरनिराळी दिसली तरी गोंधळू नये : २३० किलोपास्कल, २.३ बार आणि सुमारे ३३ पीएसआय हे एकच माप होय.

हवा सकाळी, गाडी निदान तीन तास उभी असताना मोजावी. टायर तापला की दाब आपोआप वाढतो. तापमानात सुमारे साडेपाच अंशांचा फरक पडला की एका पीएसआयच्या आसपास फरक पडतो. लांबच्या प्रवासात मध्येच मोजून ‘जास्त आहे’ म्हणून गरम टायरमधील हवा सोडू नये, कारण टायर थंड झाल्यावर ती धोकादायकरीत्या कमी भरेल. पेट्रोल पंपांवरील मोजमापयंत्रे नेहमीच अचूक असतात असे नव्हे, म्हणून काही शे रुपयांचे स्वतःचे मापक बाळगावे.

आराम मिळावा म्हणून हवा पट्टीवरील आकड्याच्या खाली नेण्याचा मोह मात्र टाळावा. कमी हवेचा टायर कडांवर झिजतो, तापतो आणि वेगात फुटू शकतो. गोव्याच्या पावसात साचलेल्या पाण्यावर चाके तरंगण्याचा धोकाही त्याने वाढतो. नायट्रोजन भरल्याने प्रवास मऊ होतो, ही समजूत निराधार आहे. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. मऊपणा दाबावर अवलंबून असतो, वायूच्या नावावर नव्हे.

टायरवरील आकडे कसे वाचावेत

समजा टायरवर ‘२१५/६० आर १६’ असे लिहिले आहे. यात २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६० हे रुंदीच्या तुलनेत कडेच्या उंचीचे शेकडा प्रमाण आणि १६ हा चाकाच्या रिमचा इंचांतील व्यास. म्हणजे या टायरची कड १२९ मिलिमीटर उंच आहे. हीच कड हवेच्या उशीसारखी काम करते. त्याच रुंदीचा ५० प्रमाणाचा टायर घेतला तर उशी सुमारे १०८ मिलिमीटरांवर येते, आणि खड्ड्याचा धक्का तितका अधिक वर पोहोचतो. महागड्या आवृत्तीतील मोठी, आकर्षक चाके कित्येकदा खालच्या आवृत्तीपेक्षा कठोर प्रवास देतात, त्याचे कारण हे.

पुढे ‘९४ एच’सारखी खूण असते. ९४ म्हणजे त्या टायरला ६७० किलो भार पेलतो आणि ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. कडेवरच चार आकडी संख्या असते. ‘३५२४’ म्हणजे टायर २०२४ च्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी नवी आणि टायर मात्र दीड वर्षापूर्वीचे, असे आढळल्यास ती गोदामात दीर्घकाळ उभी असावी असा अंदाज बांधता येतो. अशा गाडीत पहिले काही किलोमीटर धपधप असा आवाज येऊन टायर गरम झाल्यावर तो थांबत असेल, तर टायरवर पडलेली चपटी जागा हे कारण संभवते. आवाज थांबत नसेल, तर टायर बदलून मागणे रास्त ठरते.

लक्षण आणि संभाव्य कारण

तक्रार ‘गाडी आवाज करते’ एवढीच सांगितली तर कारागिरालाही काही हाती लागत नाही. आवाज केव्हा, कोणत्या वेगात, कोणत्या रस्त्यावर आणि कोणत्या बाजूने येतो हे लिहून न्यावे. पुढील खुणा उपयोगी पडतील.

• ताशी ८० ते १०० च्या दरम्यान स्टीअरिंग थरथरते आणि त्याखाली थांबते : चाकांचे बॅलन्सिंग बिघडलेले असणे.

• सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूस ओढते किंवा स्टीअरिंग वाकडे राहते : व्हील अलाइनमेंट किंवा दोन बाजूंच्या हवेतील फरक.

• केवळ ब्रेक दाबल्यावर थरथर जाणवते : ब्रेकची डिस्क.

• वेगासह वाढणारी घरघर जी वळण घेताना कमी-जास्त होते : चाकाचे बेअरिंग.

• लहान खड्ड्यावर पुढून ‘खडक-खडक’ असा आवाज येतो : स्टॅबिलायझर लिंक, शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे वरचे माउंटिंग किंवा सैल राहिलेला बोल्ट.

• एका खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डोलत राहते : शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी असणे. त्यावर तेलाचा ओघळ दिसतो का, ते पाहावे.

• सत्तरच्या पुढे काचेजवळ शिट्टी वाजल्यासारखा आवाज : दाराचे रबरी बीडिंग नीट न बसणे.

• डॅशबोर्ड वा मागच्या झाकणातून कुरकुर : प्लास्टिकच्या सैल क्लिपा. तत्पूर्वी जॅक, पाना आणि सुटे टायर घट्ट बसवले आहेत का, हे स्वतः तपासावे.

बीडिंगची परीक्षा घरीच करता येते. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती विनासायास निघून आली तर त्या ठिकाणी रबर दाबले जात नाही. टायरचा आवाज आणि बेअरिंगचा आवाज यांतील फरक ओळखण्याची खूणही सोपी आहे. काँक्रीटवरून गुळगुळीत डांबरावर येताच आवाज उतरला तर तो टायरचा, आणि रस्ता बदलूनही कायम राहिला तर बेअरिंगकडे पाहावे.

सर्व्हिस सेंटरमध्ये काय करावे

दोष शोधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे कारागिराला शेजारी बसवून, जेथे आवाज येतो त्याच प्रकारच्या रस्त्यावर गाडी चालवणे. कार्यशाळेच्या आवारातील गुळगुळीत फरशीवर कोणतीही गाडी गुणीच वाटते. तक्रार तोंडी न सांगता जॉब कार्डवर स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावी आणि त्याची प्रत ठेवावी. ‘सर्वसाधारण तपासणी’ असा मोघम शेरा स्वीकारू नये. शक्य असल्यास त्याच मॉडेलची दुसरी गाडी त्याच रस्त्यावर चालवून पाहण्याची विनंती करावी. दोन्ही सारख्याच आदळत असतील तर तो त्या गाडीचा स्वभाव होय. आपलीच आदळत असेल तर दोष शोधण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि टायर हे बहुधा गाडीच्या हमीत मोडत नाहीत, टायरची हमी टायर कंपनीकडे असते. मात्र गाडी ताब्यात घेतल्यापासूनच थरथर असेल, तर पहिल्याच आठवड्यात लेखी कळवल्यास ही कामे विनामूल्य करून मागता येतात.

पैसे खर्चून करावयाचे उपाय

तपासणीत दोष निघाला नाही आणि तरीही आवाज सोसवत नसेल, तर पुढील दोन मार्ग उरतात. पहिला म्हणजे आवाज शोषणाऱ्या ब्युटिल रबराच्या चकत्या दारांत, चाकांच्या कमानीत व मागच्या तळात बसवणे. याने पत्र्याची कंपने आणि टायरचा गोंगाट काहीसा कमी होतो. धक्के कमी होत नाहीत. गोव्यात हे काम करून घेताना विशेष सावध राहावे. दारांच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी छिद्रे असतात, ती बुजली की पावसाचे पाणी आत साचते आणि खारट दमट हवेत पत्रा आतून गंजतो. वायरिंग कापल्यास हमीलाही बाधा येते.

दुसरा मार्ग टायर बदलण्याचा. त्याच मापाचा, तितक्याच वा अधिक भारक्षमतेचा, आरामासाठी बनवलेला टायर निवडावा. टायरच्या घरंगळण्याचा आवाज, ओल्या रस्त्यावरील पकड व घर्षण यांसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये ‘एआयएस-१४२’ हे मानक लागू करण्याची अधिसूचना काढली आहे, तेव्हा विक्रेत्यास त्याविषयी विचारावे. आवाजासाठी ओल्या रस्त्यावरील पकड पणाला लावू नये. वर्षाचे चार महिने पावसात जाणाऱ्या राज्यात हा सौदा परवडणारा नाही. नवे टायर झिजेपर्यंत वाट पाहणे आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचे असते.

स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर बसवणे हा लोकप्रिय, पण उलटा उपाय आहे. त्याने गाडीचा मागचा भाग उचलला जातो खरा, पण स्प्रिंग अधिक कडक होऊन आदळणे वाढते. मोठ्या रिमा आणि पातळ टायर यांचाही परिणाम तोच.

दोष कायम राहिल्यास

वारंवार दाखवूनही दोष निघत नसेल तर आधी गाडीच्या उत्पादक कंपनीस लेखी कळवावे, नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये, मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. उत्तर गोवा व दक्षिण गोवा यांसाठी स्वतंत्र आयोग आहेत. ‘ई-जागृती’ पोर्टलवरूनही तक्रार दाखल करता येते. मोबदला पाच ते दहा लाखांत असल्यास शुल्क २०० रुपये, दहा ते वीस लाखांत असल्यास ४०० रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

या कायद्यातील एक तरतूद परराज्यात गाडी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. सुरतेत घेतलेल्या गाडीसाठी मडगावच्या रहिवाशाला गुजरातेत खेपा घालाव्या लागत नाहीत. मात्र ‘प्रवास कठीण वाटतो’ ही भावना म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दोष नव्हे. वस्तूचा दर्जा कायद्याने, कराराने वा विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे नसणे हा दोष होय, आणि तो तज्ज्ञाच्या अहवालाने दाखवावा लागतो. आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो. अशा वेळी तारखांसह जपून ठेवलेली जॉब कार्डेच ग्राहकाच्या बाजूने बोलतात.

सस्पेन्शन वा स्टीअरिंगमध्ये सुरक्षेस धोका ठरणारा दोष असेल तर प्रश्न आरामापुरता राहत नाही. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सात वर्षांच्या आतील वाहनांतील अशा दोषांविषयी केंद्राच्या ‘वाहन’ व्यवस्थेतील पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि तक्रारींचे प्रमाण ठरावीक मर्यादेपुढे गेल्यास उत्पादकास वाहने परत बोलावण्याचा आदेश दिला जाऊ शकतो.

खरेदीपूर्वी

या सर्व खटाटोपापेक्षा खरेदीपूर्वीचा अर्धा तास अधिक मोलाचा असतो. चाचणीसाठी शोरूमने ठरवलेला गुळगुळीत रस्ता नाकारावा. उखडलेला रस्ता, गतिरोधक आणि काँक्रीट अशा तिन्हींवर गाडी चालवावी. टायरमधील हवा आधी मोजून घ्यावी. घ्यावयाची तीच आवृत्ती, त्याच मापाच्या चाकांसह मागावी. आणि घरातील ज्या व्यक्तीसाठी गाडी घ्यायची तिला मागच्या आसनावर बसवून रेडिओ बंद ठेवावा.

मावशींच्या गाडीतील चारही चाकांची हवा दुसऱ्या दिवशी सकाळी मोजली. दारावरील पट्टीवर ३३ पीएसआय, चाकांत ४३ ते ४५. एका चाकाचे बॅलन्सिंगही बिघडलेले निघाले. मापसा येथील टायरवाल्याकडे अर्ध्या तासात दोन्ही कामे झाली. आदळणे पुष्कळ कमी झाले. काँक्रीटवरचा आवाज मात्र होता तसाच राहिला, कारण तो त्या टायरचा व रस्त्याचा होता. मावशी परत गाडीनेच गेल्या, यावेळी पुढच्या आसनावर, आणि काँक्रीट लागले की ‘हळू रे’ म्हणत. विक्रेत्याने गाडी देण्यापूर्वी हवा मोजली असती, तर महिनाभर कुणाची कंबर दुखली नसती. ती मोजून घेण्याचा हक्क आपला आहे, आणि चार चाकांसाठी लागतात ती पाच मिनिटे.